कोरडा खड्डा

भट्टीपुढचा खड्डा कोरडा पाहिजे, हे अनुजानं इतक्या वेळा सांगितलं होतं की फौंड्रीतली माणसं तिच्या माघारी तिला ‘खड्डा मॅडम’ म्हणत. तिच्या कानावर ते आलं होतं. तिनं मनावर घेतलं नव्हतं. नाव पडलं म्हणजे निदान खड्डा तरी लक्षात राहतो, एवढंच ती भट्टीवरच्या हंबीररावांना म्हणाली होती.

फौंड्री विजयसिंहांची. गडमुडशिंगीच्या शिवेपलीकडच्या औद्योगिक वसाहतीत, पंपाचे आणि ट्रॅक्टरचे बिडाचे सुटे भाग तिथं ओतले जात. अनुजा मेल्टिंगची प्रमुख. वितळलेल्या बिडाला तिथं सगळे रस म्हणत, आणि विजेच्या भट्टीत एका वेळी टनभर रस तयार होई. भट्टीला आतून दगडी भुकटी ठोकून बसवलेलं अस्तर, अस्तराच्या बाहेर तांब्याच्या नळीचे वेढे, आणि त्या नळीतून सतत खेळतं थंड पाणी. म्हणजे इकडं पंधराशे अंशांचा रस, तिकडं पाणी, आणि मधे वीतभरही नाही एवढी भिंत. ही भिंत कधी फाटली तर रस झटक्यात रिकामा करायला जागा हवी. खड्डा त्यासाठी होता. तळाला कोरडी वाळू, बाकी काही नाही. तो वर्षानुवर्षं रिकामा पडून असे, आणि तो रिकामा आहे तोवर सगळं ठीक चाललंय असं अनुजा समजत असे.

आगीची तिला लहानपणापासून सवय होती. वडलांचं गावात गुऱ्हाळ होतं. सुट्टीत ती चुलवाणापाशी बसून पिळलेल्या उसाचं चिपाड आत सारायची. चिपाड ओलं निघालं की वडील ते मागं घ्यायला लावत आणि परत उन्हात पसरत. ‘ओल्या चिपाडाची निम्मी आग त्याचंच पाणी वाळवण्यात जाती,’ म्हणत. पुढं इंजिनिअरिंगला गेल्यावर पाण्याची वाफ व्हायला किती उष्णता लागते याचं गणित फळ्यावर आलं, तेव्हा तिला ते उन्हात पसरलेलं चिपाड दिसलं होतं. वडलांनी ऊर्जा हा शब्द उभ्या जन्मात उच्चारला नसेल, पण ती कुठून येते आणि कुठं जाते हे ते रोज बघत होते.

फौंड्रीत ती लागली तेव्हा आई, बनाबाई, आठवडाभर बोलली नव्हती. भट्टीवर बाईमाणूस असतं का, हा तिचा प्रश्न. भट्टीवरच्या माणसांनाही सुरुवातीला तोच पडला होता. हंबीरराव तिथले जुने. शिवाजी पेठेतल्या तालमीत कमावलेलं शरीर, बोलणं कमी, भट्टी कलती करायचा दांडा त्यांच्याच हाती. त्यांनी पहिल्या दिवशी अनुजाला विचारलं होतं, “ताई, रस तयार झाला का न्हाय ते तुमी मशिनीवर बगणार, का रंगावर?” “दोन्ही,” ती म्हणाली होती. “मग जमंल,” म्हणाले आणि कामाला लागले होते.

गेल्या पावसाळ्यात बाळासो भाजला.

बाळासो हंबीररावांचा मेव्हणा. भट्टीत भंगार टाकायचं काम करायचा. एका सकाळी त्यानं टाकलेल्या भंगाराबरोबर भट्टीतून रस उसळला आणि त्याच्या पायांवर आला. विजयसिंहांनी स्वतःच्या गाडीत घालून त्याला दवाखान्यात नेलं. अनुजानं त्याच दुपारी कारण शोधून काढलं. भंगारात दोन्ही टोकं चेपलेला एक पाइप होता आणि त्याच्या पोटात पावसाचं पाणी अडकलं होतं. रसात गेल्यावर त्या पाण्याची क्षणात वाफ झाली. तांब्याभर पाण्याची वाफ दोन कपाटं भरतील एवढी जागा मागते, आणि ती जागा मिळेपर्यंत थांबत नाही. अनुजानं भंगार छपराखाली घेतलं, पाइप कापल्याशिवाय भट्टीत जाणार नाही असा नियम केला आणि तशी सूचना फलकावर लावली. तिच्या दृष्टीनं प्रश्न सुटला होता.

माणसांच्या दृष्टीनं सुटला नव्हता. त्याच दिवसांत भट्टीला नवीन अस्तर बसलं होतं आणि दमट हवेमुळं त्यात ओल राहिली होती. ओलीतून थोडी वीज गळे, पॅनेलवरचा काटा हले, लाल दिवा लागे आणि भट्टी आपोआप बंद पडे. असं वरचेवर होऊ लागलं. दिवा लागला की माणसं दोन पावलं मागं सरकत. बाळासोच्या जागेवर उभं राहायला कुणी तयार होईना. भट्टी खवळलीय, असं बोललं जाऊ लागलं. विजयसिंहांची झोप उडाली होती. बाळासोच्या घरी ते दर आठवड्याला जात, आणि परत आले की बराच वेळ केबिनमध्ये नुसते बसून राहत.

अशात कुणीतरी त्यांना पेठ वडगावच्या त्र्यंबकरावांचं नाव सांगितलं.

त्र्यंबकराव वास्तूंची ऊर्जा तपासत. पांढरा शर्ट, मऊ बोलणं, हातात पितळेच्या दोन वाकवलेल्या काड्या. ते आले त्या दिवशी त्यांनी आधी काड्या काढल्याच नाहीत. भट्टीवरच्या प्रत्येक माणसाला नाव विचारलं, गाव विचारलं, झोप लागते का विचारलं. हंबीररावांना ते बाजूला घेऊन बराच वेळ ऐकत उभे राहिले. अनुजा लांबून बघत होती. मग काड्या घेऊन ते शेडभर फिरले, आणि खड्ड्यापाशी आल्यावर त्या काड्या एकमेकींवर फिरल्या.

“ईशान्येला कोरडी पोकळी आहे,” केबिनमध्ये ते म्हणाले. “अग्नीची सगळी नकारात्मक ऊर्जा तिथं अडकून बसलीय. जलतत्त्व आणायला हवं. तांब्याचं घंगाळ, पाणी, फुलं. खड्ड्यात ठेवा. दर गुरुवारी पाणी बदलायचं. जुनं पाणी बाहेर टाकायचं नाही, त्याच मातीत मुरू द्यायचं.”

 “साहेब, त्या खड्ड्यात पाणी चालणार नाही,” ती विजयसिंहांना म्हणाली. “थेंबभर चालणार नाही.”

“थोडंसं घंगाळात, अनुजा.”

“टनभर बीड वितळवायला आपण सहाशेच्या आसपास युनिट वीज घालतो. एखाद्या घराला चार-सहा महिने पुरेल एवढी. त्यातली काही भिंतीतून जाते, काही नळीतल्या पाण्याबरोबर जाते, उरलेली रसात बसलेली असते. हिशोब लागतो तिचा. ती चांगली नसते, वाईट नसते. तिला वाट मिळाली की ती जाते. पाण्यावर रस पडला तर ती एका क्षणात पाण्यात जाईल, आणि शेडवर छप्पर राहणार नाही.”

“ही तुमची स्थूल ऊर्जा झाली, ताई,” त्र्यंबकराव शांतपणे म्हणाले. “मी सूक्ष्म ऊर्जेबद्दल बोलतोय. सगळं विश्व ऊर्जा आहे, असं विज्ञानच म्हणतं ना?”

“विज्ञान जिला ऊर्जा म्हणतं ती मोजता येते. तुमची कशात मोजायची?”

“अनुभवात.”

“मग तिला अनुभव म्हणा. धीर म्हणा, शांती म्हणा, माझी काही हरकत नाही. पण त्या शब्दाच्या जोरावर खड्ड्यात पाणी ठेवायला सांगू नका.”

 विजयसिंह म्हणाले, “माणसं भट्टीवर उभी राहायला तयार नाहीत, अनुजा. तुझं युनिटचं गणित मी त्यांना सांगू का?”

घंगाळ आलं. गुरुवारी नारळ फुटला, आणि घंगाळ खड्ड्याच्या कोपऱ्यात वाळूवर बसलं. आणि त्यानंतर भट्टी बंद पडायची थांबली.

अनुजाला कारण माहीत होतं. भट्टी रोज तापत होती, पावसानं उघडीप दिली होती, अस्तरातली ओल निघून गेली होती. हे होणार होतंच. तिनं ते विजयसिंहांना सांगितलं. “व्हय, पण हे तू त्यांच्या आधी सांगायचं होतंस,” ते म्हणाले. तिनं सांगितलं होतं, पण त्या आठवड्यात त्यांचं लक्ष बाळासोच्या पायांकडं होतं. आता शेडमध्ये माणसं हसत होती, भट्टीवर जायला कां-कूं करत नव्हती. अनुजाला ते दिसत होतं, आणि आपण एकटेच चुकीचे आहोत की काय अशी शंका तिच्याही मनात एकदा डोकावून गेली. पण काटा कुणाच्या मनाकडं बघून हलत नाही, हे तिला ठाऊक होतं.

तिनं एका सकाळी स्वतः खड्ड्यात उतरून घंगाळ बाहेर काढलं. त्या दिवशी पहिली पाळी सुरूच झाली नाही. माणसं फाटकापाशी उभी राहिली. हंबीरराव तिच्यापाशी येऊन म्हणाले, “ताई, तुमचं खरं आसंल. पण बाळासोचं पाय मी बघितल्यात. ते घंगाळ हाय म्हणून मी त्या दांड्याला हात लावतोय.”

विजयसिंहांनी मधला मार्ग काढला. घंगाळ खड्ड्यात नाही, खड्ड्याच्या काठावर ठेवायचं. वाळू बदलून कोरडी घालायची. खड्ड्यात पाण्याचा थेंब पडणार नाही. अनुजानं सगळ्यांसमोर ते तीनदा म्हणून घेतलं आणि तेवढ्यावर समाधान मानलं.

हिवाळा गेला. उन्हाळ्याच्या तोंडाला पॅनेलवरचा काटा पुन्हा हळूहळू वर सरकू लागला. आता हवेत ओल नव्हती. म्हणजे अस्तर झिजलं होतं. अनुजानं अस्तर बदलायला भट्टी बंद ठेवायची परवानगी मागितली. “ही ऑर्डर जाऊ दे,” विजयसिंह म्हणाले. तिनं पॅनेलच्या काचेवर तांबड्या रंगाची रेघ ओढली. “काटा इथवर आला की मी विचारणार नाही, बंद करणार,” ती म्हणाली. ते मान हलवून गेले.

तो गुरुवार होता. दुपारच्या सुट्टीनंतर भट्टी भरली होती, रस ओतायच्या बेतात आला होता. शेडच्या दुसऱ्या टोकाला साचे मांडून तयार होते, आणि रस न्यायची कढई, जिला लॅडल म्हणत, गॅसच्या ज्वाळेवर तापत ठेवली होती. हातातल्या बटणांनी क्रेन चालवत ती न्यायचं काम पृथ्वीराजचं. अर्ध्या टनाची एकच लॅडल तापलेली होती, दुसरी कोपऱ्यात गार पडून होती. अनुजा नमुना तपासून परत येत होती. काटा रेघेच्या खाली होता हे तिनं जाताना बघितलं होतं. खड्डा तिनं सकाळी पाळी सुरू होताना बघितला होता, तेव्हा तो कोरडा होता.

ती पॅनेलपासून चार हातांवर असताना भट्टीची गुणगुण एकदम थांबली. ब्रेकर पडल्याचा ठण् असा आवाज झाला आणि लाल दिवा लागला. काटा रेघ ओलांडून टोकाला टेकला होता आणि तिथंच चिकटून राहिला होता. ओलीनं असं होत नाही. ओलीनं काटा थरथरतो. हा काटा हलत नव्हता, म्हणजे रस अस्तर फोडून तांब्याच्या नळीला जाऊन टेकला होता.

“हंबीरराव, खड्ड्यात रिकामी करायची,” ती ओरडली, आणि बोलता बोलता तिची नजर खड्ड्याकडं गेली.

खड्ड्यात पाणी होतं. वाळू काळी पडली होती, मधल्या खळग्यात पाणी साचलं होतं आणि त्यावर झेंडूच्या पाकळ्या होत्या. काठावरचं घंगाळ रिकामं होतं.

हंबीररावांनीही तिकडं बघितलं. त्यांचा हात दांड्यावर तसाच राहिला. “मीच वतलं सकाळी, तुमी बगून गेल्यावर,” ते म्हणाले. “भाईर टाकायचं न्हाय म्हणून सांगितलंतं. मला वाटलं वाळूत मुरंल.”

अनुजाला त्या क्षणी त्यांच्यावर रागवायलाही वेळ नव्हता. टनभर रस, खाली पाणी, आणि मधे झिजलेली भिंत. नळी फुटली तर पाणी रसात जाईल, नाहीतर रस तळातून निसटून खाली खड्ड्यातच उतरेल. दोन्हीकडून शेवट एकच होता.

“सगळे बाहेर,” ती म्हणाली. “फाटकापर्यंत. पृथ्वीराज, तू क्रेनवर थांब. हंबीरराव, तुम्ही. बाकी कुणी नाही.”

“उपसू का बादलीनं?” कुणीतरी विचारलं.

“खाली कुणीही उतरायचं नाही. पाणी उपसलं तरी ओल राहणार.”

“भट्टीचं पाणी बंद करू?”

“ते चालू राहू दे. ते बंद केलं तर तांबं वितळेल.”

माणसं पळाली. तेवढ्यात केबिनमधून विजयसिंह धावत आले. त्यांनी लाल दिवा बघितला, टनभर तयार रस बघितला. गेल्या पावसाळ्यात असा दिवा कितीदा लागला होता आणि बटण दाबल्यावर भट्टी कितीदा सुरळीत चालली होती, तेच त्यांच्या डोक्यात आलं असावं. “पुन्हा ओल धरली असंल,” ते म्हणाले. “एकदा रिसेट करून बघ.”

“नाही, साहेब. काटा बघा.”

“एकदाच. चालली तर ओतून टाकू, मग लाव अस्तर.” आणि त्यांनी बटणाकडं हात नेला.

अनुजा त्यांच्या आणि पॅनेलच्या मधे शिरणार एवढ्यात हंबीररावांनी त्यांचं मनगट धरलं. ज्या माणसाला ते तीस वर्षं दादा म्हणत आले होते त्याचं मनगट. त्यांनी जोर लावला नाही, नुसतं धरलं.

“दादा, हात काढा,” ते म्हणाले. “देवाचं देवापाशी. ह्ये ताईंचं काम हाय.”

विजयसिंहांनी हात काढला. ते मागं सरकले, पण फाटकाकडं गेले नाहीत. दाराच्या खांबापाशी उभे राहिले. त्यांना बाहेर घालवत बसायला अनुजाला सवड नव्हती.

तापलेली लॅडल एकच होती. गार लॅडलमध्ये ओल असण्याची भीती, ती वापरायची नाही. म्हणजे अर्धा रस आधी, तो पलीकडं साच्यांत ओतून लॅडल परत येईपर्यंत उरलेला अर्धा भट्टीतच. पृथ्वीराजनं लॅडल भट्टीच्या तोंडाखाली आणली. हंबीररावांनी दांडा ओढला. भट्टी कलली आणि रसाची पांढरी-पिवळी धार सुटली. अनुजा भट्टीच्या बुडाकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आच येत होती. धार तुटता कामा नये, सांडता कामा नये. सांडलेला थेंब खाली खड्ड्याच्या कडेलाच जाणार.

लॅडल भरली. पृथ्वीराज ती घेऊन निघाला. क्रेन घाईनं हलवता येत नाही, रस हिंदकळतो. तो पावलापावलानं जात होता आणि त्याच्या पाठमोऱ्या अंगाकडं बघत ती दोघं उभी होती. शेडमध्ये नळीतल्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

मग भट्टीच्या बुडाशी काहीतरी चुरचुरलं. वाफेची एक बारीक रेघ वर आली.

“ताई, तुमी जावा,” हंबीरराव म्हणाले. “दांडा मला वढता येतो.”

“दांड्यापाशी उभं राहून भट्टीचं बूड दिसत नाही. बघायला कुणीतरी हवं.”

 हंबीरराव दांड्याशीच उभे राहून म्हणाले, “आक्काला सांगितलं न्हवतं मी, बाळासोसाठी पाणी मी वततो म्हणून.” आक्का म्हणजे त्यांची बायको, बाळासोची बहीण. अनुजानं भट्टीच्या बुडावरची नजर काढली नाही.

लॅडल परत आली. तळाशी तिचा लाल रंग अजून टिकून होता. दुसऱ्यांदा भट्टी कलली, आणि या वेळी हंबीररावांनी ती पुरती आडवी केली. शेवटची धार बारीक झाली, तुटली. भट्टी रिकामी झाली. वाफेची रेघ थोडा वेळ येत राहिली आणि मग थांबली.

पृथ्वीराज दुसरी लॅडल साच्यांत ओतून आला आणि क्रेनचं बटण हातात धरून तसाच उभा राहिला. अनुजा खाली फरशीवर बसली.  विजयसिंहांनी पाण्याची बाटली आणून तिच्यापाशी ठेवली आणि तेही शेजारी फरशीवर टेकले.

भट्टी गार झाल्यावर अस्तर फोडलं. आत बिडाची एक चपटी जीभ भेगेतून पार नळीपर्यंत गेली होती. नळीच्या तांब्यावर बोटभर काळा चट्टा होता, आणि चट्ट्याच्या कडेला केसाएवढी चीर. विजयसिंहांनी तिथं बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

“अस्तराचं इथून पुढं तू ठरवायचं,” ते अनुजाला म्हणाले. “मला विचारायचं न्हाय. सांगायचं.” त्यांच्याकडून याहून जास्त तिला अपेक्षित नव्हतं. खड्ड्यातली वाळू त्यांनी समोर उभं राहून काढून घेतली, नवी भाजून कोरडी केलेली घातली. घंगाळ फाटकापाशी तुळशीकडं गेलं. घंगाळ होतं म्हणून वाचलो, असं म्हणणारी माणसं तरीही शेडमध्ये होतीच. अनुजानं ते ऐकलं आणि वाद घातला नाही.

त्र्यंबकराव पुढच्या गुरुवारी आले. त्यांना सगळं कळलं होतं. ते केबिनमध्ये न जाता सरळ भट्टीवर आले आणि खड्ड्याच्या काठाशी उभे राहिले. चेहरा उतरला होता.

“हा खड्डा कशासाठी आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं,” ते म्हणाले.

“मी सांगितलं होतं. केबिनमध्ये. तुमच्यासमोर.”

 ते म्हणाले, “सांगितलंत. मला ते तुमच्या-माझ्यातलं भांडण वाटलं. मी ऐकलं नाही.” ते तिच्याकडं वळले. “पण एक विचारतो, ताई. बाळासोला काय झालं ते तुम्ही या माणसांना कधी सांगितलंत?”

“फलकावर लावलंय.”

“मी त्यांच्याशी बोललो तेव्हा एकालाही माहीत नव्हतं. प्रत्येक जण आपापलं काहीतरी धरून बसला होता. बाळासोच्या घरी गेलात का कधी?”

 अनुजा गेली नव्हती. विजयसिंह जात होते, हंबीरराव होते, आपलं काम कारण शोधण्याचं आणि ते आपण केलं, असं तिनं धरलं होतं. त्र्यंबकरावांचा तिला राग होता, तो अजूनही होता. पण प्रश्न खोटा नव्हता.

रविवारी सकाळी ती हंबीररावांबरोबर शिवाजी पेठेत गेली. बाळासोचं घर दोन खोल्यांचं, दारात फुटबॉल खेळणाऱ्या पोरांचा गलका. बाळासो खाटेवर बसला होता. पायांवरची कातडी गुलाबी, चकाकती झाली होती. तो चालू शकत होता, पण कामावर यायला तयार नव्हता, हे तिला माहीत होतं. का, ते माहीत नव्हतं.

“माझी ऊर्जाच कमी पडली, मॅडम,” तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता, पत्ता सांगावा तसा. “त्र्यंबकराव घरी आलते, त्यांनी इचारलं, झोप लागत न्हवती का त्या दिवसांत. न्हवती लागत. ते म्हटलं, आसं आसलं की आग माणसाला धरती. मग मी परत उभा ऱ्हायलो तर दुसऱ्या कुणाला तरी धरंल. म्हणून येत न्हाय.”

हंबीररावांनी मान खाली घातली. इतके महिने बाळासो हे उराशी बाळगून होता, आणि ही समजूत मनात घेऊनच सगळी भट्टी चालत होती.

अनुजा खाटेच्या कडेला बसली. “बाळासो, त्या दिवशी तुम्ही जे भंगार टाकलंत त्यात एक पाइप होता. चेपलेला, दोन्हीकडून बंद. आठवतो?”

“हुता. वजनाला जड लागला.”

“जड लागला, कारण पोटात पाणी होतं. पावसाचं. बाहेरून दिसत नव्हतं. रसात गेल्यावर त्या पाण्याची वाफ झाली आणि बाहेर पडायला तिला जागा नव्हती. तुमच्या जागी मी असते तरी माझे पाय भाजले असते. हंबीरराव असते तरी त्यांचे. रात्रभर गाढ झोपलेला माणूस असता तरी त्याचेही.”

 “म्हंजे ते माझं काय न्हवतं?”

“तुमचं काही नव्हतं. असेल तर माझं होतं. भंगार उघड्यावर पडू द्यायचं नव्हतं.”

 बाळासोनं पायांवरून हात फिरवला. मग मागं वळून आतल्या खोलीकडं तोंड केलं, जिथं त्याची बायको मोना पोळ्या लाटत होती.

“अगं, भाईर ये,” तो म्हणाला. “मॅडम काय सांगत्यात ते ऐक. आईलाबी बलीव.” आणि अनुजाकडं वळून म्हणाला, “पहिल्यापासनं सांगा. त्या पाइपापासनं.”

मोना हात पुसत बाहेर आली. पाठोपाठ म्हातारी आई भिंतीचा आधार घेत आली. दोघी जमिनीवर बसल्या. हंबीररावांनी दारातल्या पोरांना गलका बंद करायला सांगितलं, आणि अनुजानं पहिल्यापासून सांगायला घेतलं.